घरी गाणं रेकॉर्ड करायचंय, स्वस्तातला हातात धरायचा माइक कोणता घ्यावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भजनी मंडळातल्या काकू, निवृत्तीनंतर भावगीतांकडे वळलेले काका, गिटार घेऊन बसणारी कॉलेजची पोरं, या सगळ्यांचे फोनवरचे प्रश्न जवळजवळ सारखेच असतात. उत्तरं दर वेळी नव्याने सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढली आहेत. मी व्यवसायाने साउंडवाला नाही. पुण्यातल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये बरीच वर्षं घरचं आणि ओळखीच्यांचं गाणं रेकॉर्ड करतोय, इतकंच.

फार खोलात न जाता सांगा, कोणता घेऊ?

दोन हजारांच्या आसपास बेहरिंगर एक्सएम८५००. थोडे जास्त घालता येत असतील तर सेनहायझर ई८३५. दहा हजारांच्या आसपास जायची तयारी असेल तर शूअर एसएम५८, आणि मग पुढची वीस वर्षं माइकचा विषय बंद. ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइक लॅपटॉपला जोडणारी डबी, घ्यायचाच नसेल तर सॅमसन क्यू२यू किंवा ऑडिओ-टेक्निकाचा एटीआर२१००एक्स. या दोन्हींना यूएसबी आणि एक्सएलआर (माइकची तीन पिनांची जोडणी) अशी दोन्ही तोंडं आहेत. हे सगळे डायनॅमिक माइक, म्हणजे बाहेरून वीज न लागणारे. किमती मागेपुढे होतात, त्यामुळे आकडा आजचा बघा.

माझं मत विचाराल तर पहिला माइक स्वस्तातलाच घ्या आणि उरलेल्या पैशांत स्टँड, चांगली केबल आणि कान पूर्ण झाकणारा हेडफोन घ्या. दहा हजारांचा माइक हातात धरून, उघड्या फरशीच्या हॉलमध्ये केलेलं रेकॉर्डिंग मी ऐकलंय. दोन हजारांचा माइक स्टँडवर लावून कपड्यांच्या कपाटासमोर केलेलंही ऐकलंय. दुसरं चांगलं होतं.

पण हा तर स्टेजवरचा माइक. रेकॉर्डिंगला चालतो का?

एसएम५८ मधल्या ‘एसएम’चा अर्थच ‘स्टुडिओ मायक्रोफोन’ असा आहे. १९६५ साली एसएम५७ आला, १९६६ साली एसएम५८. दोन्ही डोळ्यांसमोर स्टुडिओ ठेवून बनवले होते, स्टेजवाल्यांनी ते नंतर उचलले. आत एकाच घराण्याची कॅप्सूल, म्हणजे आवाज पकडणारा भाग, आहे. ५८ला गायकाच्या तोंडासाठी गोल जाळी आहे, ५७ला नाही, म्हणून ५७ वाद्यांपुढे जास्त दिसतो.

कागदावर ५८ची झेप ५० ते १५,००० हर्ट्झ. कंडेन्सर, म्हणजे वीज लागणारा, जास्त संवेदनशील प्रकारचा माइक, २०,००० पर्यंत जातो. वरचे पाच हजार हर्ट्झ म्हणजे आवाजातली ती हवेशीर, श्वासाची किनार. ती या माइकमध्ये कमी येते, हे खरं. पण तुमचं गाणं ज्यांच्या मोबाइलच्या स्पीकरवर वाजणार आहे त्यांना तिची उणीव जाणवत नाही.

सगळे कंडेन्सर घ्या म्हणतात. तो जास्त चांगला ना?

चांगल्या खोलीत, हो. आपल्या फ्लॅटमध्ये, बहुधा नाही.

माझा पहिला माइक ऑनलाइन घेतलेला स्वस्त कंडेन्सर होता. आत्याचा अभंग रेकॉर्ड केला. ऐकायला बसलो तर आत्याबरोबर शेजारचा मिक्सर, खालच्या पार्किंगमधली रिव्हर्स घेणाऱ्या गाडीची टुणटुण आणि आमच्याच पंख्याची घरघर, सगळ्यांची साथसंगत. दुसऱ्या कडव्यात कुकरची शिट्टी, तीही जवळजवळ सुरात.

मात्र एक गैरसमज काढून टाका. डायनॅमिक माइकला बाहेरचा गोंगाट ‘ऐकूच येत नाही’ असं काही नसतं. तो मुळात सगळंच हळू पकडतो. गेन (माइकचा आवाज मोठा करणारी खुंटी) वाढवलात की मिक्सरही तेवढाच वाढतो. खरी गंमत अंतरात आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाजाची पातळी साधारण ६ डेसिबलने घसरते. तोंड माइकपासून सोळा इंचांवरून चार इंचांवर आणलं तर तुमचा आवाज सुमारे १२ डेसिबलने वाढतो, आणि शेजारचा मिक्सर आहे तिथेच राहतो. हातात धरायचे माइक जवळून गाण्यासाठीच घडवलेले असतात, वारा अडवायला जाळीच्या आत फोम असतो, म्हणून तोंड इतकं जवळ नेता येतं. कंडेन्सरसमोर इतक्या जवळून गायलं आणि पॉप फिल्टर, म्हणजे समोर लावायची जाळी, नसेल तर फुंकर सहज बसते.

मग नेमकं किती लांबून गायचं?

जाळी आणि ओठ यांच्यात चार बोटं. तान घेताना किंवा तार सप्तकात जाताना एक वीतभर. हे मागे-पुढे होणं गायकाच्या अंगवळणी पडावं लागतं, आणि त्यासाठी माइक स्टँडवर आणि मान मोकळी हवी.

जाळीला ओठ टेकवून गायलं की खालचे सूर फुगतात. याला प्रॉक्सिमिटी इफेक्ट म्हणतात. पुरुषांचा खर्ज ढोलासारखा होतो, शब्द गिळल्यासारखे वाटतात. उलट बारीक, किनऱ्या आवाजाच्या मुलीला दोन बोटं पुढे आणलं की आवाजाला अंग येतं. मी इक्वलायझरला हात लावायच्या आधी नेहमी अंतर बदलून बघतो.

आणि जाळी मुठीत धरू नका. टीव्हीवर रॅप करणारे धरतात तशी. जाळीखालच्या भागातून मागचा आवाज आत शिरतो आणि त्यानेच माइकला दिशा कळते. ती वाट बंद केलीत की आवाज डबा होतो.

प, फ, भ आले की धप्प धप्प वाजतं. काय करू?

मराठीत हे जास्त छळतं, कारण आपली महाप्राण व्यंजनं खरीखुरी हवा सोडतात. तळहात ओठांसमोर धरून ‘पांडुरंग’ म्हणा, मग ‘फुलं’ म्हणा, मग ‘भाव’ म्हणा. हाताला जे लागतं तेच माइकला लागतं. फुंकर सरळ रेषेत जाते, सूर मात्र सगळीकडे पसरतो. म्हणून माइक ओठांसमोर न ठेवता ओठांच्या कोपऱ्याच्या रेषेत, किंचित तिरका ठेवा आणि त्याचं नाक तोंडाकडे वळवा. दहातले आठ धपके इथेच जातात. उरलेल्यांसाठी वीस-पन्नास रुपयांची फोमची टोपी.

‘स’, ‘श’ आणि ‘चमचा’तला दंततालव्य ‘च’ टोचतो अशीही तक्रार येते. गाण्याच्या बहुतेक माइकमध्ये शब्द उठून दिसावेत म्हणून वरच्या पट्टीत मुद्दाम उठाव दिलेला असतो, तो इथे नडतो. तेच तिरकं ठेवणं इथेही उपयोगी पडतं.

खोली घुमते. माइक बदलून फरक पडेल का?

नाही.

गोधडी, रजई, गादी, उघडं कपाट यांनी पडेल. पण लोक गोधडी चुकीच्या जागी लावतात. माइकच्या मागे, त्याच्या शेपटीकडे, मोठ्या हौसेने टांगतात. या माइकना पुढचं ऐकू येतं, मागचं नाही. माइकच्या पुढे कोण असतं? तुम्ही. आणि तुमच्या पाठीमागे? ती उघडी भिंत, जिच्यावरून आदळून आवाज तुमच्या खांद्यावरून थेट माइकमध्ये शिरतो. म्हणून मऊ काहीतरी गाणाऱ्याच्या पाठीमागे हवं. आमच्याकडे आईचं साड्यांचं कपाट दोन्ही दारं उघडून गायकाच्या पाठीशी ठेवतो. पैठण्या आणि जुन्या नऊवारी यांच्याइतकं चांगलं ध्वनिशोषक मला अजून मिळालेलं नाही.

हॉलपेक्षा बेडरूम बरी, स्वयंपाकघर सगळ्यात वाईट.

लॅपटॉपचा पंखा ऐकू येतो.

एसएम५८, एक्सएम८५०० किंवा ई८३५ असेल तर लॅपटॉप बरोबर माइकच्या शेपटीच्या रेषेत ठेवा. हे कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचं ऐकणारे, आहेत आणि तिथे सगळ्यात बहिरे असतात. सुपरकार्डिऑइड, उदाहरणार्थ एकेजी डी५, असेल तर बरोबर मागे थोडं ऐकू येतं. त्याची बहिरी जागा मागच्या दोन्ही कोपऱ्यांत असते, समोरून मोजली तर साधारण १२५ अंशांवर. छतावरचा पंखा मात्र बंदच करा. मे महिन्यात हे सांगायला जीभ धजत नाही, पण चार मिनिटांचा टेक आणि मग दहा मिनिटं पंखा, असं जमतं.

इंटरफेस घ्यायलाच हवा का? माइकसोबत आलेली पिन लॅपटॉपला लावली तर?

यूएसबी माइक नसेल तर इंटरफेस हवाच. दुकानात स्वस्त माइकसोबत जी केबल येते तिच्या एका टोकाला कॅनन म्हणजे एक्सएलआर असतो आणि दुसऱ्या टोकाला जाडी पी-३८ पिन, म्हणजे गिटारला लागते ती पाव इंची. कराओके ॲम्प्लिफायरसाठी ती ठीक. तिला ईपीचा, म्हणजे हेडफोनच्या बारीक पिनेचा, कन्व्हर्टर लावून लॅपटॉपच्या भोकात घातली की एकतर काहीच येत नाही किंवा मागे समुद्र आणि पुढे कुजबुज असं काहीतरी येतं. डायनॅमिक माइक मिलिव्होल्टच्या भाषेत बोलतो, त्याला ताकदीचा प्रीॲम्प, म्हणजे हा बारीक आवाज मोठा करणारा इंटरफेसमधला भाग, लागतो.

इंटरफेस घेतल्यावरही हीच पी-३८ पिन त्यात खुपसणारे पुष्कळ आहेत. पॅनेलवरचं भोक दोन्ही पिना घेतं, त्यामुळे वाटतं की बरोबर आहे. पण बहुतेक इंटरफेसमध्ये पी-३८ लावली की ती गिटारच्या किंवा लाइनच्या वाटेने जाते, माइकच्या नाही. मग ‘माइक खराब निघाला, आवाजच नाही’ असा फोन येतो. दोन्ही टोकांना कॅनन असलेली केबल घ्या. पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर हव्या त्या लांबीची समोर बनवून देतात. तीन मीटर पुरते.

फोनवर थेट रेकॉर्ड करता येईल?

वर सांगितलेले यूएसबी माइक टाइप-सी फोनला योग्य केबलने किंवा ओटीजीने बहुधा चालतात. तुमच्या फोनवर लावून बघूनच पैसे द्या. लक्षात ठेवायची अडचण वेगळी आहे. एका वेळी दोन यूएसबी माइक लावून गाणं आणि तबला वेगवेगळे घेणं घरच्या सेटअपवर डोकेदुखी होते. पुढे साथीदार येणार असतील तर आधीच दोन तोंडांचा इंटरफेस घ्या.

४८ व्होल्टचं बटण दाबलं गेलं. माइक गेला का?

नाही. फँटम पॉवर, म्हणजे इंटरफेसवरच्या या बटणाने माइकला जाणारी वीज, कंडेन्सरसाठी असते. शाबूत कॅनन केबलने जोडलेल्या डायनॅमिक माइकला तिचा त्रास होत नाही. बटण बंद करा आणि गा.

गेन पूर्ण वर नेला तरी आवाज हळू येतो.

आधी अंतर बघा. मग केबल. मग समोर कोण गातंय ते. जात्यावरच्या ओव्या गुणगुणणारी आजी आणि गवळण गाणारा तमाशातला गडी यांना एकच गेन कसा पुरेल?

माइक निवडताना सेन्सिटिव्हिटीचा, म्हणजे तेवढ्याच आवाजाला माइक किती व्होल्टेज देतो त्याचा, आकडाही बघा. एसएम५८चा १.८५ मिलिव्होल्ट प्रति पास्कल आहे, ई८३५चा २.७. कागदावर फरक किरकोळ दिसतो, पण तो ३ डेसिबलहून जास्त आहे. म्हणजे हळू गाणाऱ्याला ई८३५वर प्रीॲम्प तितका कमी ताणावा लागतो आणि मागची सळसळ कमी येते. स्वस्त इंटरफेसचे प्रीॲम्प शेवटच्या टप्प्यात सळसळतातच. तिसऱ्या पिढीच्या फोकसराइट स्कार्लेट सोलो या इंटरफेसला ५६ डेसिबलचा गेन आहे. चार बोटांवरून गाणाऱ्याला तो पुरतो. हातभर लांबून गुणगुणणाऱ्याला नाही.

पातळी लावताना गाण्यातली सगळ्यात चढी ओळ गाऊन घ्या आणि तिचं टोक मीटरवर उणे दहा डेसिबलच्या आसपास ठेवा. २४ बिटवर रेकॉर्ड करत असाल तर लाल दिव्यापर्यंत नेण्याची हौस करू नका. ऐन रेकॉर्डिंगमध्ये गायक तालमीपेक्षा जोरात गातो, हा माझा आजवरचा अनुभव.

सारखा ‘हुंऽऽ’ असा आवाज येतो.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. हा गुणगुणाट तिचा आणि तिच्या दुपटी-तिपटींचा. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. गेला, तर अर्थिंगचा घोळ आहे. नाही गेला, तर केबलमधली जाळी तुटलीय का बघा, आणि केबल एक्स्टेंशन बोर्डाला गुंडाळून जात असेल तर बाजूला करा. थोडा उरलाच तर गाण्यावर ८० हर्ट्झचा हाय-पास, म्हणजे त्याखालचं कापणारा फिल्टर, लावल्याने तळाची घरघर कमी होते. वरच्या दुपटी मात्र तशाच राहतात.

ब्लूटूथवाला, स्पीकर लावलेला कराओके माइक घरात आहे. तोच वापरू?

बारशाला वापरा.

चालू-बंद बटण असलेला घ्यावा की नसलेला?

नसलेला. बटण असलं की कधीतरी टेकच्या मध्ये अंगठा लागतो, खट्‌ आवाज येतो, किंवा अर्धा तास सगळं तपासल्यावर कळतं की माइक बंदच होता. एक्सएम८५००ला बटण नाही, आणि माझ्या दृष्टीने तो त्याचा गुण आहे. एसएम५८ दोन्ही प्रकारांत मिळतो, बटणवाल्याच्या नावापुढे एस असतो.

एसएम५८ अडीच हजारांत मिळतोय! घेऊ?

नकली आहे. या माइकइतक्या नकला क्वचितच कुठल्या माइकच्या होत असतील. खोका, पाऊच, क्लिप, सगळं हुबेहूब असतं. स्वयंपाकघरातला काटा घ्या आणि वजन करा. असली माइक २९८ ग्रॅमचा. माझ्याकडे एकाने आणलेला २५०च्या आतच थांबला. खालच्या तोंडातल्या तीन पिनांपाशी १, २, ३ हे आकडे कोरलेले आहेत का तेही बघा. आणि बिल मागा. बिलाचं नाव काढल्यावर विकणाऱ्याचा चेहरा बदलला की वजन करायचीही गरज नाही.

नकली माइक वाजतो, पण गढूळ वाजतो. त्या पैशांत खरा, बिलासकट एक्सएम८५०० येतो.

मंडळाचा अहुजाचा माइक पडून आहे.

डायनॅमिक असेल आणि खाली कॅनन असेल तर नवीन घेण्याआधी केबल बदलून तोच लावून बघा.

पेटी, तबला, टाळ आणि गाणं, सगळं एकाच माइकवर घ्यायचंय.

एकाच वेळी घ्यायचं असेल तर माइक गायकाचाच समजा आणि बाकीच्यांना अंतराने बसवा. टाळ सगळ्यात लांब, खोलीच्या दुसऱ्या टोकाला, आणि माइकच्या शेपटीकडे. टाळ जवळ आला की बाकी कुणी ऐकूच येत नाही. पेटी गायक स्वतः वाजवत असेल तर माइक किंचित वर ठेवून नाक तोंडाकडे वळवा, नाहीतर भात्याची फुसफुस आणि पट्ट्यांची खटखट सुरांच्या आधी पोचते.

वेगवेगळं घ्यायला वेळ असेल तर निकाल कितीतरी पटीने बरा लागतो. आधी तानपुरा आणि तबला. मग ते हेडफोनमध्ये ऐकत गाणं. तानपुऱ्याचं ॲप फोनच्या स्पीकरवर लावू नका. तो गाण्याच्या ट्रॅकमध्ये शिरतो आणि मग मध्ये कुठेही कापलं की तानपुरा तुटतो. तबल्यासाठी हाच माइक दोन वाद्यांच्या मध्ये, एक वीतभर उंचीवरून, किंचित दायाँकडे कललेला. बायाँची घुमार अंतर कमी केलं की आपोआप वाढते. पेटीला मागच्या बाजूने नाही, वरून, हातभर अंतरावरून.

हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज उशिरा येत असेल तर इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटरचं बटण दाबा आणि सॉफ्टवेअरमधला आवाज बंद करा. सॉफ्टवेअर म्हणून सुरुवातीला ऑडॅसिटी फुकट आहे आणि पुरेसं आहे.

माइक धुता येतो का?

जाळी येते. फिरवून काढा, जुना टूथब्रश, साबणाचं पाणी, आतला फोम हलक्या हाताने. पूर्ण वाळल्याशिवाय परत लावू नका. आतल्या कॅप्सूलला पाणी, फुंकर, कापूस, काहीही नको. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि गोव्यात, माइक सिलिका जेलच्या पुड्यांसोबत हवाबंद डब्यात ठेवा. मंडळात एकच माइक दहा जण वापरत असतील तर प्रत्येकाला आपली फोमची टोपी द्या. तंबाखूचा वास जाळीला कसा धरतो ते मी अनुभवलंय.

सेकंडहँड घ्यावा का?

डायनॅमिक जरूर घ्यावा, त्यात बिघडण्यासारखं थोडंच असतं. जाळी चेपलेली असेल तर घाबरू नका, ती बदलता येते आणि त्यावर भाव कमी करता येतो. कानाजवळ धरून हलवा, आत काही खुळखुळलं तर सोडून द्या. स्वतःचा हेडफोन आणि इंटरफेस घेऊन जा, लावून एक अंतरा पूर्ण गा, आणि गाताना केबलचं तोंड हलवा. खरखर झाली तर दुसऱ्या केबलने पुन्हा बघा. तेव्हाही झाली तर पिनांचा प्रश्न आहे, तो सोल्डरिंगवाला शे-दोनशे रुपयांत सोडवतो. तेवढे कमी करून मागा.